खोडीसकट शिफारस

जालिंदरनानांनी आपली शिफारस लिहिली आहे हे कळलं की माणसाला आनंद व्हायच्या आधी घाम फुटायचा. नाना कुणाचंही नुसतं कौतुक करत नसत. चार ओळी चांगल्या लिहायचे आणि पाचव्या ओळीत त्या माणसाची खोड लिहायचे. माणसाच्या पाठीमागं खोडी सगळेच सांगतात. नाना ती त्याच्याच नावाखाली, साऱ्या जगाला वाचता येईल अशा जागी लिहायचे आणि त्याखाली स्वतःचं नाव असायचं. "पॅन उत्तम चालवतो. साखरेला लकाकी याच्याच हाताला येते. पाळीला पंधरा मिनिटं उशिरा येतो, त्याला इलाज नाही." ही साखर कारखान्यातल्या एका पॅनमनची शिफारस. एका फिटरची अशी: "याने बसवलेल्या पंपाकडं परत बघावं लागत नाही. तोंड फटकळ आहे. साहेबांच्या केबिनमध्ये पाठवू नये."

हे सगळं ते लिहायचे इंटरनेटवरच्या नोकरदारांच्या चावडीवर. तिथं माणसं आपापल्या कामाची माहिती लावतात, ओळखी जोडतात, एकमेकांच्या गुणांवर शिक्के मारतात. तिथं सगळेच मेहनती, सगळेच ध्येयवेडे, सगळेच टीमला धरून चालणारे. त्या चावडीवर कुणी कुणाला फटकळ म्हटल्याचं त्याआधी माझ्या तरी पाहण्यात नव्हतं.

मी मूळची वाईची. शिकून केमिस्ट झाले आणि पलूसच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात लागले. तिथं नाना पॅन विभागाचे प्रमुख होते. उसाचा रस आटून घट्ट झाला की तो पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात शिजवतात आणि तिथं साखरेचा दाणा धरतो. दाणा कधी धरायचा, रस किती सोडायचा, कधी थांबायचं, हे ज्याला कळतं त्याच्या हातात कारखान्याची अब्रू असते. नाना बेताच्या उंचीचे, खाकी शर्ट, डोक्याला टोपी, आणि मिशी पॅनच्या वाफेनं हंगामभर चिकट. शिक्षण दहावीपर्यंत. पण आपण दहावी पास झालो, असं त्यांनी कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

पहिल्या दिवशी मी पॅनच्या मजल्यावर चढले तेव्हा ते काचेच्या पट्टीवर शिजत्या मालाचा थेंब घेऊन उजेडाकडं धरून बघत होते. मी पदवीच्या गुर्मीत होते. विचारलं, "नुसतं बघून काय कळतं?" नाना पट्टीवरची नजर न हलवता म्हणाले, "म्याडम, तुमी आकडं काढा. मी दाणं बघतो. दोगांचं जुळलं तर साखर चांगली झाली म्हनायची." त्या दिवशी दोघांचं जुळलं. पुढं नेहमी जुळेलच असं नव्हतं.

दुसऱ्याच हंगामात आमची जुंपली. एका सकाळी प्रयोगशाळेतून मी त्यांना रसाचा आकडा चुकीचा कळवला. त्यावर विसंबून त्यांनी पॅन भरला आणि दाणेदार साखरेच्या जागी भुकटी झाली. सगळा माल विरघळवून पुन्हा शिजवावा लागला. मी मात्र ठणकावून सांगत होते की आकडा बरोबर आहे, पॅनवरच काहीतरी गडबड झाली. नाना म्हणाले, "बरं," आणि निघून गेले. संध्याकाळी वही उघडली तेव्हा दिसलं की मी आदल्या दिवसाची ओळ वाचून दाखवली होती. तेव्हाच वर जाऊन सांगायला हवं होतं. पण पाय उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत, सगळे साहेब आणि पाळीप्रमुख बसलेले असताना, मी उभी राहिले आणि म्हणाले, "कालचा पॅन माझ्यामुळं बिघडला. नानांची काही चूक नव्हती."

बैठक संपल्यावर नाना जिन्यात भेटले. "ताई, तुला कबूल करायला एक दिवस लागला," ते म्हणाले. "पन केलंस. हितं बारा-बारा हंगाम घालवल्यालं लोक करत न्हाईत." त्या दिवसापासून मॅडमची ताई झाले आणि 'तुमी'चं 'तू' झालं. मला ते बढती मिळाल्यासारखं वाटलं.

खोड सांगायची ही रीत नानांच्या घरातलीच. त्यांचे वडील शेती सांभाळून बैलांची खरेदी-विक्री करायचे. जनावरांच्या बाजारात दावणीला बैल बांधला की इतर लोक त्याचं वाशिंड दाखवायचे, शिंगं दाखवायचे. म्हातारा आधी खोड सांगायचा. "ह्यो डाव्या अंगाला वढतो. पान्याला बुजतो. आता बोला." गिऱ्हाईक बिचकायचं, चार दावणी फिरून यायचं आणि शेवटी त्याच्याकडंच व्यवहार करायचं. नाना ही गोष्ट सांगताना वडिलांचंच वाक्य म्हणायचे: "खोड सांगून इकल्याला बैल माघारी येत न्हाई."

इंटरनेटवरची ती चावडी नवी होती तेव्हा साखर धंद्यातली मूठभरच माणसं तिथं होती. आमचा एक छोटा गट होता. कुणी सोलापूरकडचा, कुणी बेळगावकडचा, मिरजेचा एकजण तर आफ्रिकेत जाऊन साखर शिजवत होता. "मळीतून साखर चाललीय, उतारा पडतोय, काय करू?" असं कुणी सकाळी लिहिलं की दुपारच्या डब्यापर्यंत चौघांची उत्तरं यायची, आणि ती हाताला तेल-ग्रीस लागलेल्या माणसांची असायची. त्या उत्तरांनी आमच्या कारखान्याचं दोनदा भलं झालेलं मी पाहिलं आहे. पॅनचा प्रश्न आला की मी उठून नानांकडं जायची, त्यांचं उत्तर आणून तिथं लिहायची आणि वाहवा माझी व्हायची. काही महिन्यांनी माझी मलाच लाज वाटली आणि मी त्यांच्या फोनवर त्यांचं पान उघडून दिलं. शिक्षणाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं तर म्हणाले, "लिव, पॅनवर शिकला."

मग तिथं गर्दी लोटली. दरवर्षी दुप्पट माणसं. गट फुगला, हजारांत गेला. ज्यांनी उसाचा फड लांबून पाहिला होता ते साखर उद्योगातले विचारवंत झाले. कुणाला पुष्पगुच्छ मिळाला, त्याचा फोटो. कुणी कुणाला पुष्पगुच्छ दिला, त्याचा फोटो. खाली अभिनंदनांची रांग. मी एकदा मळीबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर आलं, "खूप छान माहिती, मॅडम." प्रश्नाला! माझ्या साखर-तपासणीच्या कौशल्यावर पुण्यातल्या माझ्या चुलतभावानं शिक्का मारला. तो दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या धंद्याचा साखरेशी संबंध येतो, एवढंच त्याच्या बाजूनं म्हणता येईल. आणि आफ्रिकेतल्या त्या मिरजकरानं लिहिणंच बंद केलं. जुनी जाणती माणसं एकेक करून गप्प झाली.

मी वैतागून नानांना म्हणाले, "बंद करते हे. सगळ्यांना खुलं झालं आणि वाटोळं झालं."

नाना चहा बशीत ओतत होते. म्हणाले, "आगं, हे आहेराच्या टावेल-टोपीसारखं झालंय. मी तुला टावेल-टोपी द्याची, तू मला द्याची. त्योच टावेल घडी न मोडता गावभर फिरतोय. त्यानं आंग कुनी पुसलं न्हाई अजून."

"तेच म्हणतेय मी. मग बंदच..."

"ऐक तरी. टावेल वाईट हाय का? वापरत न्हाई कुनी, म्हनून वाईट. बाजारात गर्दी वाढली म्हनून आमचा म्हातारा बैल घेऊन घरी न्हाई आला. उलट म्हनायचा, गर्दी लय हाय, आज खोड जरा मोट्यानं सांगाय पायजे."

आणि त्या आठवड्यापासून नानांनी एका बोटानं टाइप करत शिफारशी लिहायला घेतल्या. ज्याच्याबरोबर किमान एक हंगाम काढला त्याचीच लिहायची, खोडीसकट लिहायची आणि मागितल्याशिवाय लिहायची. पहिली फिटरची. तो दुसऱ्या दिवशी तावातावानं पॅनच्या मजल्यावर आला. मी तिथंच होते.

"नाना, आवं ह्ये काय लिवलंय? मी फटकळ?"

"खोटं हाय का?"

"खोटं न्हाई, पन लिवायचं व्हय? समद्या जगानं वाचलं!"

"मग जगाला कळंल, पंपाबद्दल लिवलंय त्येबी खरंच आसनार. गड्या, तुज्या पंपाचं लय ग्वाड लिवलंय मी. त्ये वाचलंस का न्हाई?"

फिटर धुसफुसत गेला. जाताना जिन्यात ज्या शिव्या दिल्या त्यामुळं नानांची पाचवी ओळ शब्दशः खरी ठरली. त्यानं ती शिफारस काढून मात्र टाकली नाही. कशी काढतात हे त्याला माहीत नव्हतं, असं तो पुढं सांगायचा.

माझी शिफारस त्यांनी पाचवी की सहावी लिहिली. "ताई हुशार आहे. आकडा डोळ्यात तेल घालून तपासते. यंत्रावरच्या माणसाला कमी लेखत नाही. चूक झाली तर कबूल करायला एक दिवस लावते. पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर करते." मी वाचली आणि हसले. चुलतभावाला पाठवलीही. आणि महिनाभरानं गुपचूप झाकून टाकली. त्या पानावर तशी सोय आहे, शिफारस ठेवायची पण लोकांना दिसू द्यायची नाही.

का झाकली ते सांगते. आमचे चीफ केमिस्ट निवृत्त होत होते. अकरा हंगाम मी त्यांच्या हाताखाली काढले होते, शेवटचे तीन तर त्यांच्या तब्येतीमुळं सगळी प्रयोगशाळा मीच पाहत होते. ती खुर्ची मला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यासाठी मी वाईचं घर, आईचं आजारपण, स्वतःचे सगळे दिवाळसण मागं टाकले होते. हंगाम दिवाळीच्या तोंडावर सुरू होतो, त्यामुळं अकरा वर्षं माझी दिवाळी कारखान्याच्या भोंग्यावर झाली होती. एका वडीलधाऱ्या साहेबांनी मला बोलावून प्रेमानं सांगितलं, "तुमच्या कामाबद्दल शंकाच नाही. पण बाईमाणसाला सगळ्या खात्यांवर हुकूम चालवायचा म्हणजे..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. जागेवर बाहेरचा माणूस आला. त्याच्या पानावर पाचशे ओळखी आणि शिक्क्यांचा ढीग होता. माणूस वाईट नव्हता, तेही खरं.

मी इतर कारखान्यांत चीफ केमिस्टच्या जागेसाठी अर्ज करायला लागले आणि माझं पान घासूनपुसून लख्ख केलं. दंतवैद्याचा शिक्का ठेवला, नानांची शिफारस झाकली. पाच अर्ज गेले. एकाचंही उत्तर आलं नाही.

नानांच्या ते लक्षात आलं. हंगाम संपत आला होता, ते प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले. "ताई, माजी शिफारस दिसत न्हाई तुज्या पानावर."

"नाना, तसं नाही, आत्ता अर्ज चाललेत ना, तिथं कुणी हे असलं..."

"मला बोलू तर दे."

"...हे असलं वाचलं तर पहिल्यांदा माझाच अर्ज बाजूला काढतील. आधीच बाई, त्यात चूक कबूल करत नाही म्हणून लिहिलेलं."

"करत न्हाई आसं कुटं लिवलंय? एक दिवस लावती आसं लिवलंय." नाना स्टुलावर बसले. "तुजं पान हाय, तू ठरीव. मी रागवत न्हाई. फकस्त एक सांग. आता तुज्या पानावर समदं ग्वाड. दुसऱ्या अर्जवाल्याच्याबी पानावर समदं ग्वाड. साखरंच्या गोदामात पोती उबी केल्यावानी. मग त्यातनं तुजंच पोतं फोडून बगावं, आसं त्या मानसाला का वाटावं?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा संताप आला. सगळं आयुष्य एका पॅनपाशी काढलेल्या माणसाला अर्जाबिर्जातलं काय कळतं, असंही मनात आलं. ते लिहिताना आज लाज वाटते. तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. चौथ्या दिवशी ती शिफारस मी पुन्हा उघडी केली. मला त्यांचं पटलं होतं म्हणून नाही. तसंही कुणी बोलवत नव्हतं, मग निदान नानांचं मन तरी राहील, एवढाच विचार होता. मग सहावा अर्ज केला.

सहाव्या ठिकाणाहून फोन आला. सातारा जिल्ह्यात, वडूजच्याही पुढं, कोरडवाहू मुलखात नव्यानं उभा राहिलेला कारखाना. मुलाखतीला तिघे होते. चेअरमन लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कार्यकारी संचालक आणि कारखान्याचे मुख्य इंजिनिअर. इंजिनिअरसाहेबांच्या चेहऱ्यावर, बाई कशाला बोलावली, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी माझ्यापुढं दोन हंगामांचा तक्ता ठेवला. "उतारा कमी आलाय. साखर कुठं जातेय ते सांगा."

मी तक्ता वाचला आणि सुटले. फळ्यावर आकडेमोड करून दाखवली. साखर चिपाडातून जातेय, म्हणजे दोष ऊस पिळणाऱ्या मिलचा, रोलर नीट दाबत नाहीत, असं ठामपणे सांगितलं. मिल म्हणजे इंजिनिअरसाहेबांचं खातं. ते लालबुंद झाले. मला मनातून बरंच वाटत होतं. दहाएक मिनिटं मी त्यांच्या मिलची चिरफाड केली आणि शेवटचा आकडा लिहायला पुन्हा तक्त्याकडं बघितलं.

तेव्हा दिसलं. आमच्या कारखान्यात तक्त्याच्या डाव्या बाजूला चालू हंगाम असायचा. इथं डावीकडं मागचा हंगाम होता. मी दोन्ही रकाने उलटे वाचले होते. मिल यंदा सुधारली होती. साखर जात होती ती मळीतून.

हातात खडू तसाच राहिला. कुणाच्याही लक्षात आलंय असं दिसत नव्हतं. इंजिनिअरसाहेब रागात होते, त्यांना सुचत नव्हतं. 'विचार करून लेखी कळवते' म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. घरी जाऊन, रात्रभर तळमळून, उद्या फोन केला असता, म्हणजे नेहमीसारखं. पण उद्या ही खोली नसणार होती, आणि समोरचा माणूस माझ्यामुळं विनाकारण गुन्हेगार होऊन बसला होता. पॅन बिघडला त्या दिवशीचं नानांचं 'बरं' मला ऐकू आलं. मी फळा पुसला.

"सर, मी आत्तापर्यंत जे बोलले ते सगळं उलटं आहे," मी म्हणाले. "रकाने चुकीचे वाचले. मिलचा दोष नाही. यांची मिल यंदा चांगली चाललीय. साहेब, मला माफ करा. आता पहिल्यापासून सांगते."

आणि सांगितलं. मळीचं, पॅनचं, कुठं काय बदलावं लागेल त्याचं. या वेळी आवाज चढा नव्हता. संपल्यावर इंजिनिअरसाहेबांनी माझ्याकडं पाण्याचा ग्लास सरकवला.

सुभेदारसाहेबांनी खिशातून चष्मा काढला, समोरचा छापील कागद बघितला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. "जालिंदरनी लिहिलंय एक दिवस," ते म्हणाले. "मी टायम लावला व्हता. दहा-बारा मिनिटं झाली."

मला हसावं की रडावं कळेना. तेव्हा कार्यकारी संचालकांनी उलगडा केला. ते आमच्या त्या जुन्या छोट्या गटातले, आता गप्प झालेल्यांपैकी एक. "मॅडम, या जागेसाठी अर्जांचा ढीग आलाय. प्रत्येकाचं पान चकचकीत. कुणाला बोलवायचं हेच कळत नव्हतं. नानांच्या शिफारशी मात्र मी पहिल्यापासून वाचतो. मागच्या वर्षी त्यांच्या एका पॅनमनला आम्ही घेतलं. लिहिल्याप्रमाणं पंधरा मिनिटं उशिरा यायला लागला. वर एक नाही, खाली एक नाही. म्हटलं, खोड एवढी नेमकी लिहिणाऱ्या माणसानं गुणही नेमकेच लिहिले असणार."

"मंग त्याचं काय केलंत?" सुभेदारांनीच त्यांना विचारलं, बहुधा मला ऐकवण्यासाठी.

"त्याच्यापुरती पाळी पंधरा मिनिटं पुढं सरकवली. पॅन झकास चालवतो."

मुलाखतीच्या खोलीतून मी चीफ केमिस्ट होऊन बाहेर पडले. एसटीच्या थांब्यावर, भर उन्हात, मी नानांना फोन लावला आणि शेजारच्या बायका बघत असताना मोठमोठ्यानं सगळं सांगितलं. मग नाना म्हणाले, "लय झ्याक झालं. पन ताई, माजी पंचाईत केलीस. मी लिवल्यालं आता खरं ऱ्हायलं न्हाई."

त्याच दिवशी त्यांनी ती शिफारस बदलली. शेवटची ओळ आता अशी होती: "आधी लिहिलेली खोड गेली. नवी सापडली की लिहीन."

नवी खोड शोधायला ते खरंच आले. माझ्या पहिल्या हंगामात गाळप ऐन भरात असताना, पलूसहून दोन एसटी बदलून. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून अख्खी पाळी बसून राहिले. माझ्या हाताखालच्या माणसांना वाटलं, मॅडमचे वडील आलेत. मी दिवसभर अवघडून वागत होते. पाळी सुटली तेव्हा ते उठले, टोपी घातली.

"सापडली का नाना?"

"सापडली की."

"मग लिहा."

"आता मी न्हाई लिवायची. तू चीफ झालीस. तुजी खोड आता तुज्या हाताखालच्या मानसांनी तुज्या तोंडावर सांगाय पायजे. ज्या दिवशी सांगतील, त्या दिवशी तू खरी चीफ."

"पण निदान मला तरी..."

नाना हसले आणि फाटकाकडं चालायला लागले. ती आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी उसाला पाणी देऊन आले, ओट्यावर टेकले, ते उठलेच नाहीत.

पंधरा दिवसांनी त्या चावडीनं सगळ्यांना निरोप धाडला, जालिंदर यांना कामाची आणखी एक वर्षपूर्ती झाल्याबद्दल शुभेच्छा द्या. आणि लोकांनी दिल्या! 'अभिनंदन सर', 'असेच यशस्वी व्हा', फुलांची चित्रं. गेलेल्या माणसाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही जळजळीत लिहिणार तेवढ्यात त्या अभिनंदनांच्या खाली एक ओळ उमटली. "नाना गेले. अभिनंदन कसलं करता, लाज वाटते का? मी नानांनी लिहिलेला फटकळ फिटर." थोड्या वेळानं दुसरी. "मी पाळीला पंधरा मिनिटं उशिरा येणारा. नानांच्या मातीला मात्र वेळेवर पोचलो." मग कुणी "मी हिशेबी कंजूष," कुणी "मी चिडका, पण हात चांगला," असं करत नानांनी लिहिलेली माणसं एकेक करून आली. सही म्हणून प्रत्येकानं आपली खोड लिहिली होती. आफ्रिकेतला मिरजकरही इतक्या वर्षांनी उगवला आणि विचारू लागला, या माणसांपैकी कुणी नोकरी बदलणार आहे का. लाखोंच्या त्या गर्दीत नानांनी आपली माणसं अशी वेगळी काढून ठेवली होती. मी फोन हातात धरून रडले आणि रडताना मला विलक्षण अभिमान वाटत होता.

त्यानंतरच्या हंगामाच्या सुरुवातीला, बॉयलर पेटवायच्या आदल्या दिवशी, मी माझ्या खात्याची सगळी माणसं जमवली. केमिस्ट, पॅनमन, नमुने आणणारे, सगळे. म्हणाले, "कामाचं उद्या बोलू. आज मला माझी खोड सांगा. एकच. जी खरी असेल ती."

शेवटी मागून आमच्यातले सगळ्यात वयस्कर पॅनमन बापू उठले. "म्याडम, राग मानू नका. तुमी मानसाचं..."

"अहो बापू, राग कसला? मीच विचारलंय ना? अगदी मोकळेपणानं बोला, काही म्हणजे काही मनात ठेवू..."

"...बोलनं पुरं हू देत न्हाई," बापू म्हणाले.

अख्खी प्रयोगशाळा हसायला लागली. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. त्या दुपारी मी माझं पान उघडलं आणि नानांच्या शिफारशीखाली, जगाला दिसेल असं, स्वतःच्या हातानं लिहिलं: "समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही. सांगणार: बापू, पॅनमन. साक्षीला सगळं खातं."